पडणारच, पण कशावर?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घसरगुंडीवर एकटं सोडायचा धीर होत नाही. मग आई नाहीतर बाबा त्याला मांडीवर घेऊन बसतात आणि दोघं मिळून खाली येतात. कोणत्याही बागेत रविवारी संध्याकाळी हे दिसतं, आणि अशाच एखाद्या मुलाची नडगी मोडते. होतं असं, की घसरताना मुलाच्या बुटाचा रबरी तळ घसरगुंडीच्या कडेला अडकतो. मूल एकटं असतं तर पाय अडकल्याबरोबर तेही थांबलं असतं. वजन जेमतेम दहा-बारा किलो. पण मागे सत्तर किलोचे बाबा असतात आणि ते काही थांबत नाहीत. पाय तिथेच राहतो, बाकीचं शरीर पुढे जातं आणि हाडाला पीळ बसतो. लहान मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांना हे फ्रॅक्चर चांगलं परिचयाचं आहे, आणि त्यानंतर येणारा बाबांचा रडवेला चेहराही. ते तर बिचारे सांभाळायलाच बसले होते. त्यापेक्षा मुलाला झेपेल एवढ्या बुटक्या घसरगुंडीवर त्याला एकट्याने घसरू द्यावं आणि आपण शेजारी उभं राहावं.

मुलांना खेळताना लागतं त्याबद्दल आपल्या घरांत दोन वाक्यं ठरलेली आहेत. एक, ‘खेळ म्हटला की लागणारच.’ दुसरं, ‘पळू नको, पडशील.’ पहिल्यात सगळा भार नशिबावर, दुसऱ्यात मुलावर. मधल्या ज्या गोष्टी मोठी माणसं ठरवतात, म्हणजे खाली जमीन कसली आहे, खांब पक्का रोवलाय का, सराव किती तास चालतो, चेंडू कुठल्या वजनाचा आहे, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. खरं तर मुलांची गंभीर दुखापत टळते ती याच गोष्टी बदलल्यामुळे. सात वर्षांच्या मुलाला ‘सांभाळून’ म्हटल्याने फारसं काही टळत नाही. ते वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचेस्तोवर तो पलीकडच्या झोक्यावर असतो.

आणि एक आधीच सांगून टाकतो. खरचटलेला गुडघा, खपली, कपाळावरचं टेंगूळ यांच्याविरुद्ध हा लेख नाही. तेवढं व्हावंच. प्रश्न आहे तो मोडलेल्या कोपराचा, डोक्याला बसलेल्या माराचा, पंधराव्या वर्षी कायमच्या धरलेल्या पाठीचा.

ह्यू डी हेवन नावाचा अमेरिकी माणूस पहिल्या महायुद्धात वैमानिक होण्याचं प्रशिक्षण घेत असताना विमान-अपघातातून वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही. १९४२ साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांच्या हकिगती त्यात एकेक करून तपासल्या होत्या. कोणी बागेच्या मऊ मातीत पडलं होतं, कोणी पडताना वाकणाऱ्या, दबणाऱ्या वस्तूवर आदळलं होतं. निष्कर्ष सरळ होता: किती उंचावरून पडलो यापेक्षा थांबायला किती जागा मिळाली हे महत्त्वाचं. ती जागा काही इंचांची असली तरी पुरते.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. दोन मीटर उंचीवरून पडणारं मूल जमिनीला टेकताना ताशी साधारण बावीस किलोमीटर वेगात असतं. हा वेग दहा सेंटीमीटर दबणाऱ्या वाळूत जिरला, तर शरीरावर त्याच्या वजनाच्या वीसपट जोर येतो. तोच अर्ध्या सेंटीमीटरात जिरला, तर चारशेपट. फरशी तर अर्धा सेंटीमीटरही दबत नाही. जे काय दबतं ते मुलाचं.

आता आपल्या सोसायटीची बाग आठवा. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिला ‘किड्स प्ले एरिया’ म्हटलेलं असतं. लाल-पिवळी घसरगुंडी, दोन झोके, एक लोंबकळायची शिडी. आणि खाली? पेव्हर ब्लॉक. किंवा पेव्हर ब्लॉकवर चिकटवलेली रबरी फरशी, जिचे कोपरे दुसऱ्या पावसाळ्यात उचलले गेलेत आणि मधल्या फटींतून सिमेंट दिसतंय. ही फरशी बोटाने दाबून बघा. बोट जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत जातं. तिने चप्पल घसरणार नाही, रंगही छान दिसेल, पण दोन मीटरवरून पडणाऱ्या डोक्यासाठी ती जवळजवळ नसल्यासारखीच. रबर चालतं, पण त्याची जाडी साधनाच्या उंचीवर ठरवावी लागते आणि ते महाग पडतं. त्यापेक्षा फूटभर खोल भरलेली वाळू स्वस्त आणि जास्त भरवशाची.

वाळूचं नाव काढलं की सोसायटीच्या सभेत कोणीतरी म्हणणारच, ‘कुत्री-मांजरं घाण करतील.’ आक्षेप खरा आहे. मग कुंपण घाला, रात्री ताडपत्री टाका, आठवड्यातून एकदा दाताळं फिरवा. दाताळं तसंही फिरवावंच लागतं, कारण झोक्याखालची आणि घसरगुंडीच्या तोंडाशी असलेली वाळू मुलांच्या पायांनी बाजूला सरते. नेमकी जिथे मुलं पडतात तिथेच ती सर्वांत पातळ होते. हिरवळीचंही तेच: झोक्याखालची हिरवळ महिन्याभरात उडते आणि खाली टणक जमीन उरते. साधनाच्या चारही बाजूंना निदान सहा फूट मोकळी, मऊ जागा हवी. झोक्याच्या पुढेमागे, झोका जिथून टांगलाय त्या उंचीच्या दुप्पट. शेजारी सिमेंटचा कट्टा बांधून आजी-आजोबांची सोय केलेली असते, तो बहुतेक वेळा या मापात बसत नाही. आणि पत्र्याची घसरगुंडी असेल तर मे महिन्यात दुपारी चार वाजतासुद्धा तिच्यावर आधी स्वतःचा तळहात ठेवून बघावा.

गंमत म्हणजे ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवायला नको. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही तालमीत जा. पैलवान अंगाला माती लावण्याआधी फावडं हातात घेतात. आखाड्याची तांबडी माती खोलवर उकरायची, ढेकळं फोडायची, सारखी करायची, हा सरावाचाच भाग. तीत ताक, तेल, हळद मिसळलेली असते. कालची माती आज दडपून टणक झालेली असते आणि तिच्यावर पाठ टेकली की कळ मस्तकात जाते, हे त्यांना सांगावं लागत नाही. खो-खोचं मैदान आखण्याआधी पोरांना ओळीने उभं करून खडे वेचायला लावणारे खेळाचे मास्तरही याच जातकुळीतले. ज्या समाजाने पडण्यासाठी माती तयार करायची रीत बसवली, त्याच समाजाने पोरांच्या घसरगुंडीखाली पेव्हर ब्लॉक बसवले, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मुलाला दिसणारा धोका आणि न दिसणारा धोका यांत फरक करायला हवा. आंब्यावर चढलेल्या मुलाला आपण किती उंच आलो हे कळतं. पाय लटपटले की ते आपणच थांबतं. हा धोका त्याला घेऊ द्यावा, कारण अंदाज घ्यायला ते तिथेच शिकतं. पण झोक्याची कडी आतून गंजली आहे, हे त्याला कुठून कळणार? २०२५च्या नोव्हेंबरात हरियाणात बास्केटबॉलचा खांब अंगावर कोसळून दोन किशोरवयीन खेळाडू काही दिवसांच्या अंतराने गेले. खेळताना रिंगला लोंबकळणं हे त्या वयातलं अगदी स्वाभाविक वागणं आहे, खांबाने ते पेललं पाहिजे. फुटबॉलचे उचलून ठेवायचे गोलपोस्टही असेच. रिकाम्या मैदानात कोणीतरी वरच्या दांडीला लटकतं आणि सगळा सांगाडा पुढे उलटतो. मागची पट्टी जमिनीत खिळवून टाकणं किंवा तिच्यावर वाळूची पोती ठेवणं, एवढंच काम असतं. भालाफेक आणि हातोडाफेकीच्या पट्ट्यात मुलं किंवा मदतनीस विद्यार्थी सापडून दगावल्याच्या घटना महाराष्ट्रात आणि केरळातही घडल्या आहेत. तिथे ‘लक्ष ठेवा’ ही सूचना पुरेशी नाही. दोरी बांधून पट्टा बंद करायचा आणि फेक झाल्यावर सगळे भाले एकदमच आणायचे, हा नियम लागतो.

मुंबईच्या मैदानांची तर तऱ्हाच वेगळी. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालतात, की एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या स्क्वेअर लेगला पाठ करून उभा असतो. मुंबईच्या क्रिकेटचं हे वैभव म्हणून आपण कौतुकाने सांगतो. २०२४च्या जानेवारीत माटुंग्याच्या एका मैदानावर शेजारच्या सामन्यातला चेंडू डोक्याला लागून एक प्रौढ खेळाडू गेला. जागा कमी आहे हे मान्य, पण शाळकरी मुलांचा सराव तरी दुसऱ्या खेळपट्टीच्या षटकारांच्या टप्प्यात लावू नये, एवढं ठरवायला नवं मैदान लागत नाही.

मुलांचं हाड मोठ्यांच्या हाडाची छोटी प्रत नसतं. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते. हाड वाढतं ते तिथून. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. वाढत्या वयात ही चकती शेजारच्या अस्थिबंधांपेक्षाही कच्ची असते. म्हणजे ज्या हिसक्याने मोठ्या माणसाचा घोटा मुरगळतो, त्याच हिसक्याने अकरा वर्षांच्या मुलीची चकती सरकू शकते. टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या दोन डॉक्टरांनी १९६३ साली या दुखापतींचे पाच प्रकार पाडले, आजही तेच वापरतात. त्यातले काही नीट बसवले नाहीत तर हाड तिरकं वाढतं किंवा वाढायचं थांबतं. शिवाय मुलगा एकदम उंच होतो त्या वर्षा-दोन वर्षांत हाडाची लांबी पुढे धावते आणि त्यातला खनिजांचा भराव मागे पडतो. मुलींमध्ये अकरा-बारा आणि मुलांमध्ये तेरा-चौदा या वयात मनगटाजवळची फ्रॅक्चर सर्वांत जास्त होतात, त्याचं हे एक कारण. ‘हल्ली फार धडपडतो’ असं आपण म्हणतो तेव्हा तो नुकताच चार इंच वाढलेला असतो.

म्हणून ‘मुका मार आहे, उतरेल’ हे निदान घरी करू नये. सांध्याजवळ सूज आहे, हाडावर बोट टेकवलं तरी मूल कळवळतं, पाय टेकवत नाही किंवा हात उचलत नाही, अशा वेळी एक्स-रे काढावा. आंबेहळदीचा लेप त्यानंतर लावायला कोणाची हरकत नाही. चोळणं मात्र नको. मुरगळलेला पाय तेल लावून खसाखसा चोळून देणारे हात प्रेमाचेच असतात, पण ताज्या इजेवर त्याने सूज वाढते, आणि आत हाड मोडलेलं असेल तर ते आणखी सरकतं.

याची सर्वांत वाईट परिणती कोपरात दिसते. पाच ते सात वर्षांचं मूल तोल जाताना हात पुढे टेकवतं, कोपर मागे वाकतं आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. मुलांच्या कोपराचं हे सर्वांत नेहमीचं फ्रॅक्चर. त्याच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात. गावाकडे अजूनही अशा मुलाला आधी हाड बसवणाऱ्याकडे नेतात. तो हात ओढतो, चोळतो आणि बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधतो. सूज आत वाढत जाते, पट्टी काही सैल होत नाही, आणि पंजाकडे जाणारं रक्त तुटतं. काही तासांत स्नायू मरायला लागतात. पुढे बोटं आखडतात आणि हाताचा आकडा होऊन बसतो, तो कायमचा. रिखार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ साली या विकाराचं वर्णन करताना घट्ट बांधलेल्या पट्ट्यांकडेच बोट दाखवलं होतं. प्लॅस्टर दवाखान्यात घातलं असलं तरी हाच नियम: बोटं पांढरी-निळी पडली, बधिर झाली, किंवा बोट सरळ करताना मूल किंचाळलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री परत जायचं.

हे झालं एका फटक्यात होणाऱ्या इजेचं. दुसरी जात रोज थोडी थोडी होणारी. तिला ना पडण्याचा क्षण असतो, ना रक्त, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही.

बारा-तेरा वर्षांचा वेगवान गोलंदाज घ्या. सकाळी अकॅडमीत नेट, दुपारी शाळेचा सराव, शनिवारी-रविवारी सामना. चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर कमरेवर येतो, आणि त्याच क्षणी पाठ मागे वाकलेली, बाजूला कललेली आणि पीळ खाल्लेली असते. कमरेच्या शेवटच्या मणक्यांतला हाडाचा एक अरुंद पूल हा भार झेलतो. विश्रांती मिळाली तर तो भरून येतो, नाही मिळाली तर त्याला तडा जातो. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची कारकीर्द १९७३ साली याच तड्यांनी संपत आली होती. जसप्रीत बुमराला २०१९ आणि २०२२ साली पाठीच्या अशाच दुखण्याने बाहेर बसावं लागलं. ती तर तयार शरीराची माणसं. मुलांच्या कमरेचं हाड पूर्ण पक्कं व्हायला विशी उलटावी लागते.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने यासाठी बरीच वर्षं आकडेच ठरवून दिले आहेत: तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला सलग ५ षटकं आणि दिवसाला १०; चौदा-पंधराव्या वर्षी सलग ६, दिवसाला १२. सरावातही लहान गटाला एका वेळी ३० चेंडू आणि आठवड्यातून दोनच वेळा. आपल्याकडचे पालक हे वाचून हसतील, कारण आपला मुलगा तीस चेंडू पहिल्या पंधरा मिनिटांत टाकतो. खरी अडचण अशी की अकॅडमीचे सर, शाळेचे सर आणि क्लबचे सर तिघं वेगळे. प्रत्येक जण आपापल्या चेंडूंचा हिशेब ठेवतो, बेरीज कोणीच करत नाही. ती बेरीज घरच्यांनाच करावी लागते. एक ढोबळ माप डॉक्टरमंडळी देतात: आठवड्यातले शिस्तीतल्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आणि निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. गोलंदाजाची कंबर एकाच बाजूला दुखते, मागे वाकलं की जास्त दुखते, असं दोन-तीन आठवडे चाललं तर साधा एक्स-रे ठीक आला म्हणून निर्धास्त होऊ नये. सुरुवातीचा तडा त्यात बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो.

गुडघ्याखाली येणारं दुखरं टेंगूळ, टाचदुखी, हीसुद्धा याच वयातली, याच कारणाची दुखणी. विश्रांतीने बरी होतात. ‘वाढीचं दुखतंय’ म्हणून मुलाला पळवत ठेवलं तर लांबतात.

सरावाआधी मैदानाला दोन फेऱ्या मारून हातपाय झटकण्याला आपण वॉर्मअप म्हणतो. त्याने अंग तापतं, एवढंच. फिफाने सात ते तेरा वयाच्या मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांचे व्यायाम बसवले: एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, उडी मारून गुडघे वाकवत हलकेच उतरणं, तोल गेला तर अंग गोल करून लोळणं. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताकात त्यांची चाचणी झाली आणि २०१८ साली निकाल आले. जे संघ हे व्यायाम नेमाने करत होते त्यांच्यात दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होत्या, गंभीर दुखापती त्याहूनही कमी. कबड्डी आणि खो-खोच्या मुलींच्या गुडघ्यांचे अस्थिबंध पौगंडावस्थेनंतर मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतात. उतरण्या-वळण्याचे हे व्यायाम त्यांना तर आधी शिकवायला हवेत. यात पडण्याचाही सराव आहे, हे मला विशेष आवडलं.

चेंडूबद्दल एक बारीकसा मुद्दा. मोठ्यांचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, लहान गटाचा १३३ ते १४४ ग्रॅमचा आणि आकारानेही लहान. म्हणून दादाचं जुनं हेल्मेट धाकट्याला देताना जाळीची फट मोजावी. मोठ्या चेंडूला अडवणाऱ्या फटीतून छोटा चेंडू आत येऊ शकतो. २०१३च्या ब्रिटिश मानकापासून हेल्मेटची चाचणी दोन्ही आकारांच्या चेंडूंनी वेगवेगळी होते, ती याचसाठी. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज २०१४ साली सिडनीत चेंडू लागून गेला, तो चेंडू हेल्मेटखाली, मानेवर लागला होता. ऑस्ट्रेलियाने २०२३पासून वरच्या दर्जाच्या सामन्यांत वेगवान गोलंदाजीसमोर मानेचं कवच सक्तीचं केलं आहे.

डोक्याला मार लागल्यावर ‘पाणी मार, थोडं बस, मग जा आत’ ही आपली पद्धत. ती मोडायला हवी. मूल गोंधळलं, तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागलं, डोकं दुखतं, गरगरतं म्हणालं, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. अंतिम सामना असला तरी. पुन्हा पुन्हा उलटी, शुद्ध हरपणं, वाढत जाणारी झोप किंवा डोकेदुखी, झटका यांपैकी काही दिसलं तर तडक हॉस्पिटल.

सणांतल्या खेळांनाही हेच लागू आहे. दहीहंडीत सर्वांत वरच्या थरावर सर्वांत हलकं म्हणजे सर्वांत लहान मूल चढवतात, आणि तेच सर्वांत उंचावरून खाली येतं. लहान मुलांना असं चढवावं का, हा वाद २०१४पासून उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांत फिरला. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात चौदा वर्षांखालच्या मुलांना मनाई पक्की झाली. नायलॉन मांजावरही राष्ट्रीय हरित लवादाची त्याच वर्षीची देशभर बंदी आहे. संक्रांतीला तो दुकानात मिळतो की नाही हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्याचबरोबर ज्या गच्चीला छातीएवढा कठडा नाही तिथून पतंग उडवू देऊ नये. पतंगावर डोळे लावून मागे सरकणाऱ्या मुलाला पाय कुठे पडतोय हे दिसत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी प्रत्येक खेळाच्या शिक्षकाला आणि आईवडिलांना पाठ असायला हवी, कारण तिथे वेळ मिनिटांत मोजायची असते. चेंडू किंवा कोपर लागून पुढचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो शोधायचा आणि चघळायच्या टोकाने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही. घाण लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर विसळायचा. घासायचा, पुसायचा नाही. जमलं तर तिथल्या तिथे खोबणीत बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाहीच जमलं तर कोपऱ्यावरच्या टपरीवरून कपभर गार दूध घ्यायचं, दात त्यात टाकायचा आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचायचं. कोरड्या कागदात गुंडाळून नेलेल्या दाताच्या मुळावरच्या पेशी वाटेतच मरतात. पडलेला दात दुधाचा असेल तर मात्र परत बसवायचा नाही. वर तयार होत असलेल्या नव्या दाताला त्याने इजा होते.